साप दिसला की मूल आधी आपल्याकडे बघतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा सुरू झाला की सोलापुरात घराघरांतून साप निघाल्याच्या बातम्या येऊ लागतात. श्रावण तोंडावर आला की शाळांकडून बोलावणी सुरू होतात, ‘मुलांसाठी सापांवर एखादा कार्यक्रम ठेवा.’ तासाभराचा कार्यक्रम होतो, टाळ्या पडतात, फोटो निघतात आणि पुढे वर्षभर काही नाही. शहरात आणि तालुक्याच्या गावांत निसर्गाचे तास घेणारे आम्ही काही शिक्षक आहोत. या विषयावर जे सांगायलाच हवं असं वाटतं, ते इथे सविस्तर लिहीत आहोत. पत्र लांबलं आहे, सांभाळून घ्यावं.

रानातल्या प्राण्याकडे बघायची माणसाची नजर वयाबरोबर बदलत जाते. कोणत्या वयात ती कशी बदलते, हेही बऱ्यापैकी माहीत झालेलं आहे. तरीही आपण चार वर्षांच्या पोराला घाबरवतो आणि सात वर्षांच्याला कायद्याची कलमं ऐकवतो. अकराव्या-बाराव्या वर्षी त्याला सगळं जाणून घ्यायचं असतं, तेव्हा त्याला स्कॉलरशिपच्या क्लासला अडकवून ठेवतो. आणि सत्तरी ओलांडलेल्या आजोबांना तर कुणी काही विचारतच नाही.

तान्हं बाळ सापाला घाबरत नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेत सुसान मिनेका आणि मायकेल कुक यांनी ऱ्हिसस माकडांवर केलेले प्रयोग प्रत्येक आई-बापाला माहीत असायला हवेत. प्रयोगशाळेत वाढलेल्या, साप कधीच न पाहिलेल्या माकडांपुढे साप ठेवला तर ती घाबरत नव्हती. मग रानात वाढलेलं माकड सापाला बघून कसं बिथरतं, ते त्यांना दाखवलं. तेवढं बघितल्यावर तीही सापाला घाबरू लागली. पुढे चित्रफितीत जोडकाम करून तेच बिथरलेलं माकड फुलांसमोर दाखवलं, तर फुलांची धास्ती मात्र कुणी घेतली नाही. म्हणजे सापाची भीती पटकन शिकायची तयारी अंगात असते, पण शिकवणारा दुसरा कुणीतरी लागतो. माणसाच्या बाळांचंही असंच आहे. ज्युडी डीलोश आणि व्हॅनेसा लोब्यू यांनी ७ ते १८ महिन्यांच्या बाळांना सापाची आणि दुसऱ्या प्राण्यांची चित्रफीत शेजारीशेजारी दाखवली. घाबरलेला आवाज कानावर पडला की बाळं सापाकडे जास्त वेळ बघत. आनंदी आवाजाला तसं होत नसे.

म्हणून अंगणात साप निघाला की मूल आधी सापाकडे नाही, आईच्या नाहीतर आजीच्या तोंडाकडे बघतं. त्या दोन-तीन सेकंदांत जे दिसतं ते त्याच्या मनात पुढची साठ वर्षं राहू शकतं. किंकाळी आणि काठी दिसली, तर किंकाळी आणि काठीच राहते. या वेळी मोठ्यांनी करायचं ते सोपं आहे, पण आधी ठरवून ठेवलेलं असावं लागतं. आवाज न चढवता म्हणायचं, ‘थांब. मागे ये.’ मुलाचा हात धरून सात-आठ फूट मागे सरायचं आणि साप कुठे जातो तिकडे नजर ठेवायची. मग दुसऱ्या कुणाला तरी वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर नाहीतर गावातल्या सर्पमित्राला फोन करायला सांगायचं. नजर हटली की साप सामानामागे जातो, मग ‘साप साप म्हणून भुई धोपटणं’ सुरू होतं आणि अशा धांदलीत दंश व्हायचा धोका वाढतो.

रोजच्या सरावासाठी साप लागतही नाही, भिंतीवरची पाल पुरते. पाल विषारी नसते. ती दुधात पडली तर दूध टाकून द्यावं हे बरोबर, पण ते तिच्या अंगावरच्या जंतूंमुळे, विषामुळे नव्हे. मुलासमोर पाल बघून ‘ई!’ करणाऱ्या घरातलं मूल पुढे साप, घोरपड, सरडा सगळ्यांना त्याच रांगेत बसवतं. त्याऐवजी रात्री ट्यूबलाइटजवळची पाल पाच मिनिटं बघायची आणि तिनं किती किडे धरले ते मोजायचं. तीन-चार वर्षांचं मूलसुद्धा यात रमतं. आणि एक विनंती आहे. ‘जेव, नाहीतर कोल्हा येईल’, ‘झोप, नाहीतर लांडगा नेईल’ हे बंद करा. बागुलबुवा हवाच असेल तर बागुलबुवाच असू द्या, तो निदान जिवंत प्राणी नाही.

लहान मुलं जात्याच प्राण्यांवर माया करतात असा आपला समज असतो. अमेरिकेत येल विद्यापीठातले स्टीफन केलर्ट यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला दुसरी, पाचवी, आठवी आणि अकरावीतल्या मुलांचा अभ्यास केला. त्यात सगळ्यात लहान मुलंच प्राण्यांच्या बाबतीत जास्त कठोर निघाली. प्राणी आपल्या कामाचा आहे का, आपलं ऐकतो का, यावर त्यांचं बघणं ठरत होतं. साधारण सहा ते नऊ या वयात माया वाढते, दहा ते तेरात माहितीची भूक वाढते, आणि तेरा ते सोळाच्या दरम्यान ‘हे बरोबर आहे का’, ‘हा प्राणी गेला तर बाकीच्यांचं काय’ असे प्रश्न सुचू लागतात. म्हणून दुसरीतल्या मुलानं मुंगळ्याचा पाय तोडला तर तो दुष्ट आहे असं समजू नये. त्या वयाला शिक्षा नाही, एकच प्राणी रोज बघायची सवय लावावी लागते. खारीचं घरटं, अंगणातला सरडा, गटारीच्या कडेनं धावणारं मुंगूस, काहीही चालतं.

हीच मुलं दुसऱ्या बाजूनं मोठ्यांपेक्षा प्राण्यांच्या जवळ असतात, हेही खरं. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आणि मोठ्यांना विचारलं होतं, बुडणाऱ्या होडीतून माणूस वाचवाल की कुत्रे? कुत्र्यांची संख्या वाढत गेली तसा बहुतेक मुलांचा कौल कुत्र्यांकडे गेला. मोठ्यांपैकी बहुतेक जण एका माणसावर अडून राहिले. ‘माणूस आधी’ हे आपण जन्मतः घेऊन येत नाही, वाढत्या वयात शिकतो. ते शिकणं चूक असं आमचं म्हणणं नाही. पण त्याच झटक्यात ‘बाकीचे बिनकामाचे’ हेही शिकलं जातं, आणि तिथे शाळेचं काम सुरू होतं.

शाळेनं खरा जोर लावायचा तो पाचवी ते आठवीत. या वयाच्या मुलाला ‘साप शेतकऱ्याचा मित्र’ हे वाक्य दहादा ऐकवून काही होत नाही. त्याच्या हातात वस्तू द्यावी लागते आणि प्रश्न त्यालाच पडू द्यावा लागतो. जिवंत साप मात्र नाही. पकडलेला साप वर्गात आणणं कायद्यात बसत नाही, आणि मुलांच्या डोक्यात त्यातून साप राहत नाही, साप धरणारा राहतो.

त्याऐवजी कात दाखवा. दगडी बांध, पडक्या भिंती, विटांचे ढीग अशा ठिकाणी ती सापडते. दोन-तीन मुलांत एक भिंग पुरे. कात वाळून कडक झाली असेल तर ती तुटते, म्हणून आधी दहा मिनिटं पाण्यात ठेवून पाटावर पसरावी. पहिली गोष्ट मुलांच्या लक्षात येते ती ही, की कात उलटी असते, पायातून ओढून काढलेल्या मोज्यासारखी. मग डोक्याकडे बघायला सांगावं. डोळ्यांच्या जागी भोकं नसतात, दोन बारीक पारदर्शक काचा असतात. सापाला पापणी नाही, डोळ्यावर हेच झाकण असतं आणि कातेबरोबर तेही बदलतं. कात टाकायच्या आधी काही दिवस ते दुधाळ होतं, सापाला नीट दिसत नाही आणि तो चिडका होतो. हे कळलं की ‘साप डूख धरतो’ या समजुतीचं कोडं मुलं स्वतःच सोडवू लागतात. पोटाकडचे खवले रुंद पट्ट्यांसारखे असतात, पाठीवरचे बारीक. पाठीच्या मधोमध एकच ओळ मोठ्या षटकोनी खवल्यांची दिसली तर ती मण्याराची कात. अजून एक: काढताना कात ताणली जाते, म्हणून पाच फुटांची कात म्हणजे पाच फुटांचा साप नव्हे. बघून झाल्यावर हात साबणानं धुवायचे आणि कात होती तिथे परत ठेवायची.

मण्यार आणि कवड्या यांतला फरकही याच वयात शिकवून टाकावा. सोलापुरातल्या घरांत निघणारा कवड्या बिनविषारी असतो, पाली खायला भिंतीवर चढतो आणि मण्यार समजून मारला जातो. कवड्याचे आडवे पट्टे मानेपासूनच ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्याराचं उलटं: डोक्यामागे काही अंतर कोरं, मग पांढऱ्या बारीक रेघा जोडीजोडीनं सुरू होतात आणि शेपटीपर्यंत स्वच्छ राहतात. तशीच गल्लत डुरक्या घोणस आणि घोणस यांची. घोणशीच्या अंगावर साखळीसारख्या तीन रांगा असतात आणि छेडली तर ती कुकरच्या शिट्टीसारखी फुत्कारते. डुरक्याची शेपटी आखूड, बोथट असते आणि तो बिचारा नुसता वेटोळं करून पडतो. मात्र मुलांना एक गोष्ट बजावून सांगायची. हा फरक लांबून बघायचा आहे, हात लावून पारखायचा नाही, आणि शंका असेल तर प्रत्येक साप विषारी समजूनच वागायचं.

दुसरी वस्तू म्हणजे पाऊलखुणा. गावाकडच्या शाळांना हे अगदी सहज जमतं. मैदानाच्या कडेला मीटरभर रुंद, दोन-तीन मीटर लांब पट्टा मोकळा करायचा. त्यावर चाळणीनं चाळलेली बारीक माती दोन सेंटिमीटर जाडीची पसरून संध्याकाळी फळीनं सपाट करायची. सकाळी ऊन वर यायच्या आत बघायचं, कारण तिरप्या उन्हात ठसे उठून दिसतात, दुपारी तेच नाहीसे झाल्यासारखे वाटतात. चांगला ठसा मिळाला तर साचा घ्यावा. प्लॅस्टिकच्या बाटलीची चार-पाच सेंटिमीटर उंचीची पट्टी कापून ठशाभोवती कडं करायचं. दोन वाट्या प्लास्टर ऑफ पॅरिसला एक वाटी पाणी. पाण्यात भुकटी टाकायची, भुकटीत पाणी नव्हे, नाहीतर गुठळ्या होतात. मिश्रण दह्यासारखं झालं की कडेनं हळूच सोडायचं. थेट ठशावर ओतलं तर माती उडते आणि बोटं बुजतात. अर्धा तास हात लावायचा नाही. बहुतेक साचे मोडतात ते इथेच, मुलांना धीर नसतो. पातळ झालेलं प्लास्टर तडकतं, घट्ट झालेल्यात हवेचे बुडबुडे राहतात. उचलल्यावर माती लगेच घासायची नाही, दुसऱ्या दिवशी मऊ ब्रशनं काढायची.

कुत्रा, कोल्हा, लांडगा, तरस यांच्या ठशात नखं उमटतात. मांजर आणि बिबट्या नखं आत ओढून चालतात, म्हणून त्यांची उमटत नाहीत. तरसाचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा चांगलाच मोठा असतो. लांडगा की मोठा कुत्रा हे एका ठशावरून सांगू नये. माग बघावा: लांडगा बहुधा सरळ रेषेत जातो, कुत्रा हुंगत भरकटतो. एवढं शिकलेली सातवीतली मुलगी गावात ‘बिबट्या आला’ अशी हूल उठली की ठसा बघायला जाते आणि नखं दिसतात म्हणून सांगते. २०२० च्या डिसेंबरात करमाळा तालुक्यात माणसांवर हल्ले करणाऱ्या बिबट्याला गोळी घालावी लागली. त्यानंतर या जिल्ह्यात बिबट्याच्या नावानं किती घबराट पसरू शकते ते सगळ्यांनी पाहिलं आहे. त्या वेळी पाच-सहा वर्षांची असलेली मुलं आज याच वयात आली आहेत. त्यांची भीती खोटी म्हणून उडवून लावू नये, तिला माहितीची जोड द्यावी.

पंधरा ते पंचविशीतल्या पोरांविषयी थोडक्यात. या वयात धाडस दाखवायचं असतं आणि हातात मोबाइल असतो. नागाचा फणा धरून, मुका घेऊन रील काढणारा मुलगा सापावर प्रेम करत नसतो, बघणाऱ्यांकडून दाद मागत असतो. साप पकडायची नीट पद्धत बघायला अगदी नीरस असते: आकडी, एका टोकाला पिशवी लावलेला पाइप, अंधाराकडे जायची सापाची स्वतःची ओढ, आणि हात कुठेच नाही. साप पिशवीत गेला की पकडल्या जागेच्या जवळच, एक-दोन किलोमीटरच्या आत सोडायचा. लांब नेऊन सोडलेल्या सापाला तिथली बिळं, पाणी, भक्ष्य काहीच ठाऊक नसतं आणि तो बहुधा जगत नाही. ज्यांना हे काम खरंच करायचं आहे त्यांना वन विभागाच्या परवानगीनं, अनुभवी माणसाच्या हाताखाली शिकू द्यावं. कॅमेरा घरी ठेवायची अट घालावी. निम्मे तिथेच गळतात, आणि ते बरंच आहे.

संसार अंगावर पडला की नजर पुन्हा बदलते. केलर्ट यांच्या पाहणीत वयानं मोठ्या लोकांत ‘उपयोग काय, नुकसान किती’ हा हिशेब जास्त आढळला होता. आपल्याकडे तो समजण्यासारखाही आहे. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर सहलीच्या बसमधून काळविटांचा कळप बघून मुलं हरखतात. त्याच कळपानं ज्याची कोवळी ज्वारी खाल्ली त्या शेतकऱ्याला ‘किती सुंदर’ म्हणून सांगणं निर्दयपणाचं आहे. त्याला सांगायचं ते पंचनाम्याचं. पिकाचं नुकसान झालं तर तीन दिवसांच्या आत आणि शेळी-मेंढी, वासरू मारलं गेलं तर ४८ तासांच्या आत जवळच्या वन कर्मचाऱ्याला कळवायचं. मेलेलं जनावर जागेवरून हलवायचं नाही. ओढून नेलं की ठसे आणि दातांच्या खुणा जातात आणि भरपाईचा अर्ज अडतो. रागाच्या भरात मढ्यावर विष टाकलं तर लांडगा मरेलच असं नाही, पण गावातली कुत्री, कावळे, घारी नक्की मरतात. जुने धनगर लांडग्यानं नेलेल्या कोकराला ‘त्याचा वाटा’ म्हणत. पण ते नुसते म्हणून गप्प बसत नसत. रात्री वाघूर, म्हणजे मेंढरांभोवतीची जाळी, नीट ताणलेली असायची, कोकरं डालग्याखाली आणि कुत्री जागी असायची. सोसणं आणि राखणं त्यांनी एकत्रच शिकलेलं होतं.

आणि याच वयाच्या लोकांना साप सगळ्यात जास्त मारतो, हे कुणी सांगत नाही. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यातले जवळजवळ निम्मे मृत्यू ३० ते ६९ या वयातले आणि पावपेक्षा जास्त १५ वर्षांखालच्या मुलांचे आहेत. निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले. शेतात राबणारे बाप आणि जमिनीवर झोपणारी लेकरं असा तो हिशेब आहे.

मण्यार रात्री चावतो, बहुधा झोपलेल्या माणसाला. दंश फारसा दुखत नाही, सूज येत नाही, कधी कधी खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखू लागतं. घरचे लोक पित्त समजून सोडा नाहीतर ओवा देतात आणि इथेच वेळ जातो. पापण्या जड होणं, बोलणं अडखळणं, थुंकी गिळता न येणं ही पुढची लक्षणं, आणि त्यानंतर श्वास. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीनं उठला आणि त्याच्या पापण्या झुकत असतील तर तडक सिव्हिल हॉस्पिटल नाहीतर जवळचं सरकारी रुग्णालय गाठावं. साप कोणताही असो, चावलेला हात किंवा पाय फळीला नाहीतर जाड पुठ्ठ्याला ओढणीनं बांधून हलू द्यायचा नाही, पण बांधणं रक्त थांबेल इतकं घट्ट नको. अंगठ्या, जोडवी, कडी आधीच काढायची, सुजल्यावर ती निघत नाहीत. चिरायचं नाही, चोखायचं नाही, रोग्याला चालवायचं नाही, साप मारून सोबत न्यायचा नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांवर एकच प्रतिविष चालतं. ‘लहान लेकरू आहे, अर्धंच औषध द्या’ असं डॉक्टरांना कुणी विनवू नये. मुलाला आणि मोठ्या माणसाला मात्रा सारखीच लागते, कारण चावताना सापानं विष वजन बघून कमी केलेलं नसतं.

घरातली तयारी अगदी साधी आहे. खाट भिंतीपासून वीतभर दूर असावी आणि मच्छरदाणी गादीखाली खोचलेली. आपली सोलापुरी चादर खाटेवरून जमिनीपर्यंत लोंबत असेल तर ती सापाला चढायची शिडी होते, ती वर घ्यावी. कडब्याची गंज घराला खेटून नको. पोत्यांतली ज्वारी दगडांवर किंवा फळ्यांवर उंच ठेवावी, म्हणजे उंदीर कमी आणि उंदरांमागून येणारे सापही कमी.

आता म्हातारपण. वय झालं की माणूस प्राण्यांबाबत कठोर होतो, असं पाश्चात्य पाहण्या वाचून वाटू शकतं. इथे एक मेख आहे. सत्तरीतला माणूस तसा वागतो तो वयामुळे, की तो ज्या काळात वाढला त्यामुळे, हे एका पाहणीत कळत नाही. अमेरिकेतच मायकेल मॅनफ्रेडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असं दिसलं, की शहरं वाढली, राहणीमान बदललं तशी सबंध समाजाचीच नजर ‘प्राणी माणसाच्या वापरासाठी’ इथून ‘प्राणी आपल्यातलेच’ याकडे सरकत गेली. आपल्या आजी-आजोबांना तर दोन्ही ठाऊक आहे. ज्या हातांनी त्यांनी साप मारले, त्याच हातांनी गुरांच्या पाठीवरच्या बगळ्यांना कधी दगड मारला नाही. त्यांच्याकडे आणखी एक गोष्ट आहे, जी कुठल्याच पुस्तकात नाही: इथे आधी काय होतं त्याची आठवण.

डॅनियल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञानं १९९५ साली एक विचार मांडला. प्रत्येक पिढी स्वतःच्या लहानपणी जे पाहिलं तेच ‘नेहमीचं’ धरून चालते आणि त्याआधी काय गेलं याचा तिला पत्ता नसतो. सोलापुरात याचे दाखले पावलोपावली आहेत. मेलेल्या जनावरावर उतरणारी गिधाडं आजोबांनी पाहिली, नातवानं फक्त चित्रात. गुरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या जनावरातून गिधाडांच्या पोटात गेलं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं हजारात एक या प्रमाणात उरली. २००६ साली गुरांसाठी या औषधावर बंदी आली. नान्नजला १९७९ साली माळढोकसाठी अभयारण्य झालं, आणि आज तिथे माळढोक दिसणं नशिबाची गोष्ट आहे. उलटही घडतं. उजनीचं पाणी १९८० च्या सुमारास भरलं, म्हणजे बॅकवॉटरवरचे रोहित पक्षी नातवाला अनादि काळापासूनचे वाटतात, पणजीला ते नवे पाहुणे आहेत.

यासाठी सातवी-आठवीच्या मुलांना एक वही द्यावी. पानावर तीन रकाने आखायचे: आजी-आजोबा, आई-बाबा, मी. ओळीत एकेका प्राण्याचं नाव: गिधाड, माळढोक, लांडगा, तरस, खोकड, काळवीट, घोणस, चिमणी, टिटवी. प्रत्येकाला तेच प्रश्न. तुम्ही माझ्या वयाचे असताना हा दिसायचा का? कुठे? कोणत्या दिवसांत? दिसला की घरचे काय करायचे? शेवटचा कधी पाहिला?

यात चुका ठरलेल्या आहेत. साल विचारलं की म्हातारी माणसं गोंधळतात किंवा आपल्याला बरं वाटावं म्हणून काहीतरी सांगतात. त्याऐवजी खुणेच्या घटना द्याव्यात: बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी की नंतर? उजनीचं पाणी आलं तेव्हा? किल्लारीचा भूकंप झाला त्या वर्षी गिधाडं होती का? भूकंप ३० सप्टेंबर १९९३ ला झाला, म्हणजे उत्तराला साल आपोआप जोडलं जातं. ‘पूर्वी खूप असायचे ना?’ असं विचारू नये, उत्तर तोंडात दिल्यासारखं होतं. आणि नाव आजीच्या भाषेत लिहावं. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली घरात घोणस ही रक्तपिंजरी आहे, अक्कलकोटकडच्या कन्नड घरात कोळकुमंडल. मूल शाळेत एक नाव शिकतं आणि घरी दुसरंच ऐकतं. दोन्ही एकाच सापाची आहेत हे त्याला कळलं नाही, तर आजीचं ज्ञान त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

या वहीतून म्हाताऱ्यांच्याही मनात फरक पडताना दिसतो. विचारणारं कुणी आलं की ‘मेला तो साप’ म्हणणारी आजी साप कुठल्या बांधावर, कुठल्या महिन्यात निघायचा ते सांगू लागते, आणि सांगता सांगता तिला स्वतःलाच आठवतं, की तो तिथे इतकी वर्षं होता आणि त्यानं कुणाला काही केलं नव्हतं.

आपल्या दैनिकाला तीन विनंत्या आहेत. साप निघाल्याची बातमी देताना तो कोणता आणि विषारी की बिनविषारी ते जाणकाराला विचारून लिहावं. नुसतं ‘भला मोठा विषारी नाग’ असं छापलं जातं आणि फोटोत धामण असते, ते मुलं लगेच ओळखतात. ‘धुमाकूळ’ आणि ‘दहशत’ हे शब्द माणसावर हल्ला झाला असेल तरच वापरावेत. खोकड रस्ता ओलांडताना दिसलं म्हणून नव्हे. आणि रविवारच्या मुलांच्या पानावर श्रावणभर या तीन रकान्यांच्या वहीतलं एकेक पान छापावं. पहिल्या रविवारी गिधाड घ्यावं. पानं आम्ही पाठवू, प्रत्येक नोंदीखाली आजी-आजोबांच्या गावाचं नाव आणि त्यांच्या भाषेतलं पक्ष्याचं नाव असेल.

कळावे,
निसर्गाचे तास घेणारे काही शिक्षक,
सोलापूर